चाकणचा जर्मन, रांजणगावचा इटालियन

पुण्याहून नाशिक रस्ता धरला की चाकण लागतं आणि नगर रस्ता धरला की रांजणगाव. दोन्हींच्या मधे शिक्रापूरचा रस्ता; तो किती वेळाचा, हे त्या दिवशीचे ट्रक ठरवतात. चाकणला कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग, रांजणगावला अष्टविनायकांपैकी महागणपती. एवढ्यावर दोन्ही गावांचं बरं चाललं होतं. मग चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आला, रांजणगावला फियाटचा, आणि एरवी बँकेत, दवाखान्यात, सॉफ्टवेअर कंपनीत शहाण्यासारखी वागणारी माणसं एकमेकांवर धावून जायला लागली. अबोला धरला असता तर परवडलं असतं. पण ही मंडळी बोलतात, रात्री दीड-दीड वाजेपर्यंत मोबाईलवर टाईप करत बोलतात, आणि सकाळी ऑफिसला तांबारलेल्या डोळ्यांनी जातात.

भांडण आहे ते छोट्या पण तापट गाड्यांवरून. हॉट हॅच म्हणतात त्यांना. गाडी दिसायला घरातलीच. मागचं दार उघडावं, त्यात भाजीच्या पिशव्या नि पोरांची दप्तरं टाकावीत, अशी. पण बॉनेटखाली गरजेपेक्षा चांगलीच जास्त ताकद भरलेली. या खुळाचं श्रेय बहुतेक जण फोक्सवॅगनला देतात. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्यांनी गोल्फ जीटीआय मांडली. ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोच्या आसपास. पाच हजार गाड्या खपल्या तरी खूप झालं, असा कंपनीचा हिशेब होता. नंतर त्या लाखांनी खपल्या. सीटवरचं चौकडीचं कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फचा चेंडू ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंची कल्पना. त्या चौकडीवरून आज पन्नास वर्षांनीही माणसांचे डोळे भरून येतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चौकडीची लुंगी आहे, पण तिच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही.

भारतात हा ताप उशिरा चढला आणि फार चढलाही नाही. परदेशात तीनशे अश्वशक्तीवरून भांडतात, आपण शंभरावरून. २००१ साली फियाटची पॅलिओ आली, तिच्यात १.६ लिटरचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं. सचिन तेंडुलकरच्या नावाची एक खास आवृत्तीही निघाली होती. गाडी पेट्रोल अशी प्यायची, की पंपावरचा पोऱ्या मालकाला लांबूनच सलाम ठोकायचा. पुढे २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली: १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, सात गिअरांचा ऑटोमॅटिक. तिला उत्तर म्हणून २०१५ मध्ये रांजणगावातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. १४५ अश्वशक्ती आणि किंमत एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजार. मारुतीनं २०१७ मध्ये बलेनो आरएस काढली, टाटांनी कोइमतूरच्या जयेमला हाताशी धरून २०१८ मध्ये टियागो जेटीपी. एवढंसंच आपलं रणांगण. पण म्हणून धुरळा कमी उडाला असं कुणी समजू नये.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये यातले दोन पक्ष शेजारी-शेजारी उभे असतात. माझ्या भाच्याची पोलो जीटी, आणि तिच्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची अबार्थ पुंटो. रविवारी सकाळी दोघं गाड्या पुसायला उतरतात. काकांकडे एक जुना टूथब्रश असतो. पुंटोच्या बिल्ल्यावर विंचू आहे. त्याच्या नांगीच्या खाचेत धूळ बसते, ती ते या ब्रशनं, चष्मा कपाळावर सरकवून, नाक बिल्ल्याला टेकेल इतकं जवळ जाऊन काढतात. घरातल्या देवांच्या मूर्ती मात्र काकू घासतात.

भाच्याचं पहिलं अस्त्र म्हणजे दरवाजा. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा तो दोन बोटांनी ढकलतो. ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो. मग दाद मिळेपर्यंत हात दारावरून काढत नाही.

“ऐकलंत काका? याला पत्रा म्हणतात.”

“पत्रा गोठ्यावर घालतात, बाळा. गाडी चालवायची असते. जरा माझं स्टिअरिंग धरून बघ. हायड्रॉलिक आहे. चाकाखाली खडा आला तर हाताला कळतो. तुझ्या इलेक्ट्रिकला खाली रस्ता आहे का समुद्र, तेसुद्धा कळत नाही.”

“खडा कळतो हो, पण सर्व्हिस सेंटर कुठंय ते कळतं का?”

हा घाव वर्मी बसतो. काका फडकं झटकतात, दोन क्षण जाऊ देतात.

“तुझा तो डीएसजी गिअरबॉक्स बसला ना एकदा, की ये माझ्याकडे. पर्सनल लोनचे कागद कसे करायचे ते शिकवतो.”

एवढ्यात बी विंगमधला बलेनोवाला खाली येतो, गाडी सुरू करतो आणि काच खाली करून म्हणतो, “तुम्ही पार्ट शोधत बसा. मी जाऊन मिसळ खाऊन येतो.” यावर मात्र दोघं एकदिलानं हसतात. “मारुती!” भाचा म्हणतो. “बिस्किटाचा डबा,” काका म्हणतात. त्या दिवशीपुरती जर्मनी आणि इटलीची युती होते, आणि इतिहासात तिचं पुढं काय झालं ते मी त्यांना सांगत नाही.

मला या भांडणाची गोडी लागली ती मात्र वंशावळीमुळे. काका ज्या विंचवाला इटलीचा मानबिंदू समजून घासतात, तो कार्लो अबार्थचा. हा गृहस्थ मूळचा कार्ल, जन्म १९०८ सालचा, व्हिएन्नाचा, बोली जर्मन. रास वृश्चिक, म्हणून बिल्ल्यावर विंचू. कंपनी काढली १९४९ मध्ये, इटलीत. उलट भाच्याच्या तोंडी जे ‘जर्मन डिझाइन’ सारखं असतं, त्याची गंमत अशी, की पहिली गोल्फ रेखाटली ती जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन माणसानं. आणि काकांच्या पुंटोचं मूळ रूपही याच जुजारोच्या घरचं. भाच्याची पोलो घडली तेव्हा फोक्सवॅगनच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते वॉल्टर द सिल्वा, तेही इटालियन, आणि त्यांची उमेदवारी झाली होती फियाटमध्ये. म्हणजे इटालियन गाडीचं आडनाव ऑस्ट्रियाचं, जर्मन गाडीच्या रूपावर इटलीचा हात, आणि दोघींचे नट आवळले खेड आणि शिरूर तालुक्यातल्या पोरांनी. ही पोरं स्वतः स्प्लेंडरवरून ये-जा करणारी. त्यांना विचारा, कुठली गाडी चांगली? ती आधी विचारतील, “किती देते?”

डिझेलच्या बाबतीत तर कळसच. फियाटचं १.३ लिटरचं एक मल्टिजेट इंजिन होतं. १२४८ सीसीचं, चिवट, कमी पिणारं. सुझुकीनं त्याचा परवाना घेतला आणि २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलं, नाव दिलं डीडीआयएस. टाटांनी इंडिका व्हिस्टामध्ये बसवलं, नाव दिलं क्वाड्राजेट. फियाटनं अर्थातच आपल्या पुंटोतही बसवलं. मग स्विफ्टवाला ‘फियाटची इंजिनं काय टिकणार’ म्हणायचा, फियाटवाला ‘मारुतीच्या इंजिनात दमच नाही’ म्हणायचा, आणि व्हिस्टावाल्याला दोघंही टॅक्सीवाला म्हणायचे. तिघांच्या आरसी बुकावर आकडा एकच, १२४८. हे कुणी दाखवून दिलंच, तर उत्तर तयार असे: “ट्यूनिंग वेगळं आहे.” या तीन शब्दांसमोर मी भल्याभल्या इंजिनिअरांना निरुत्तर झालेलं पाहिलं आहे. सख्ख्या चुलतभावांनी वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात घालवाव्यात, त्यातलाच हा प्रकार. परक्याशी इतकं जीव तोडून कोण भांडतं? मर्सिडीजवाल्याशी पोलोवाला कधी वाद घालताना दिसत नाही. नमस्कार करून बाजूला होतो.

बरं, हे फक्त मालकांचं खूळ म्हणावं तर कंपन्याही काही कमी नाहीत. २००९ मध्ये फोक्सवॅगननं सुझुकीचा १९.९ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, मोठे हातात हात घेतलेले फोटो निघाले. दोन वर्षांत संसार मोडायला आला. कारण पाहा: सुझुकी डिझेल इंजिनं फियाटकडून घेते, हा करारभंग आहे, असं फोक्सवॅगनचं म्हणणं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि २०१५ मध्ये सुझुकीनं आपले शेअर परत घेऊन टाकले. आमच्या पार्किंगमधलं तिरंगी भांडण थेट जर्मनीत आणि जपानमध्ये होऊन गेलं होतं. फरक इतकाच, की तिथं दोन्हीकडे वकील होते आणि फडकं कुणाच्याच हातात नव्हतं.

कंपन्यांचं दुसरं भांडण सेकंदांवरून. जर्मनीत न्यूर्बुर्गरिंग नावाची वीस किलोमीटरांहून लांब, जंगलातून वळणं घेणारी शर्यतीची वाट आहे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत तिथं सर्वांत वेगवान कोण, यावरून रेनो, होंडा आणि फोक्सवॅगन यांच्यात वर्षानुवर्षं चढाओढ चालली. २०१९ मध्ये रेनोनं मेगानची एक आवृत्ती तिथं पळवली. वजन कमी करण्यासाठी तिची मागची सीटच काढून टाकलेली. वेळ लागला ७ मिनिटं ४५.३८९ सेकंद. २०२३ मध्ये होंडाच्या सिव्हिक टाइप आरनं ७ मिनिटं ४४.८८१ सेकंद लावले. फरक अर्ध्या सेकंदाचा. त्यातही रेनोवाले दुसराच आकडा काढून दाखवतात, ७ मिनिटं ४०.१ सेकंद. तोही खरा, कारण त्याच फेरीचं मोजमाप दोन तऱ्हांनी होतं, एक पूर्ण वाटेचं आणि एक थोडा तुकडा वगळून. दोघांचंही खरं असण्याची अशी सोय असली, की वाद अमर होतो. कुटुंबाची म्हणून जन्मलेल्या गाडीची मागची सीट काढून तिला कुटुंबाची सर्वांत वेगवान गाडी म्हणायचं, याबद्दल मात्र कुणालाच काही वाटत नाही. आईला कुठं बसवायचं, हा प्रश्न बहुधा युरोपात सुटलेला असावा.

हे सगळं का? मला वाटतं, शहाणी गाडी घेणाऱ्याला कुणाला काही समजावून द्यावं लागत नाही. ॲव्हरेज चांगलं, रिसेल चांगली, कोपऱ्यावर सर्व्हिस, विषय संपला. पण त्याच पैशात मागं कमी जागा, कमी ॲव्हरेज आणि महाग पार्ट देणारी गाडी ज्यानं हौसेनं घेतली, त्याच्यामागे प्रश्न लागतात. सासरे विचारतात, ऑफिसात विचारतात, शेजारी विचारतात. पाच वर्षं हप्ते फेडायचे आणि पाच वर्षं उत्तरं द्यायची. मग माणूस उत्तरं पाठ करतो: न्यूटन-मीटर, टर्बो, शून्य ते शंभर. पाठ केलेलं कुणावर तरी फेकून बघावंसं वाटतंच. आणि ते ज्याला समजेल असा माणूस कोण, तर शेजारचा दुसऱ्या कंपनीवाला. बाकी जगाला न्यूटन म्हणजे सफरचंद.

आता तर प्रकरण आणखी पुढं गेलं आहे. नवे नियम आले तशी पुंटो बंद झाली, फियाटनं इथं आपल्या नावाच्या गाड्या विकणंच थांबवलं. बलेनो आरएस गेली, जेटीपी गेली. २०२२ मध्ये चाकणची पोलोही थांबली. जाताना सातशे ‘लेजंड’ गाड्या काढल्या आणि दिवा मालवला. २०२५ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय बाहेरून आणून विकायला काढली, पहिल्या दीडशे गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच गेल्या. किंमत निघाली त्रेपन्न लाख. भाच्यानं ती बातमी काकांना दाखवली. काका म्हणाले, “चौकडी छान आहे.” भाचा म्हणाला, “हो ना.” पोलोला पर्याय सांगायला कंपनीचा माणूस कधी कधी फोन करतो, भाचा उंच, गुबगुबीत एसयूव्हीचं वर्णन ऐकून घेतो आणि फोन ठेवतो. कंपन्यांनी पक्ष सोडला; कार्यकर्ते तेवढे उरले.

आणि हे कार्यकर्ते हल्ली एकाच मेकॅनिककडे जातात. कंपनीतून बाहेर पडून स्वतःचं छोटं गॅरेज टाकलेला पोरगा आहे, दोन्ही गाड्या जाणतो. काकांच्या गाडीचा सस्पेन्शनचा एक पार्ट मिळत नव्हता, तो भाच्यानं रात्री जागून कोल्हापुरातल्या एका भंगारवाल्याकडे शोधून काढला. पार्ट हातात देताना म्हणाला, “बघा, इटालियन माल. भंगारातच सापडतो.” काकांनी पैसे दिले, पावती मागितली.

तेव्हा वाचकहो, एखाद्या रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाटाच्या तोंडाशी, चहाच्या टपरीजवळ छोट्या गाड्यांची रांग लावून हातवारे करत उभी असलेली माणसं दिसली, तर जरूर थांबा. रंगाचं कौतुक करा, विंचवाला हात लावून बघा, दरवाजा दोन बोटांनी ढकलून ‘वा’ म्हणा, दोन्ही पक्षांना पटेल असं मोघम काहीतरी बोला. चहाही पाजतील. फक्त ‘किती देते?’ तेवढं विचारू नका.