सस्पेन्सकाका

पुस्तक सुचवणारे पुष्कळ असतात. सस्पेन्सकाका माणूस हेरतात. वाचनालयाच्या काउंटरला रेलून, चष्मा कपाळावर सरकवून ते दाराकडे बघत उभे असतात. आत येणारा अजून नीट फसलेला नाही, हे त्यांना तो चपला काढत असतानाच कळतं.

"काय नेतोयस?"

"'ययाति', काका."

"ययातीला कसली घाई? त्याच्यापाशी हजार वर्षं आहेत. आधी हे ने. मी काही सांगणार नाही. फक्त त्या माळ्याकडे लक्ष देऊ नकोस."

झालं! पुढच्या तीनशे पानांत एक बंगला जळतो, दोन मुडदे पडतात, एक मृत्युपत्र नाहीसं होतं; वाचक मात्र माळ्याच्या मागे मागे वाफ्यांतून हिंडत असतो. शेवटी माळी बिचारा निर्दोष निघतो. तक्रार केली की काका म्हणतात, "मग मी काय म्हटलं होतं? लक्ष देऊ नकोस, असंच ना?"

शेवट न सांगणं हा त्यांचा धर्म. अगाथा क्रिस्टीबाईंचं 'द माउसट्रॅप' लंडनमध्ये १९५२ साली लागलं. त्याचा प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर बोलू नका. काकांनी हे नाटक पाहिलेलं नाही, पण विनंती आपल्यालाच केली आहे असं धरून ते चालतात. शेवट सोडून बाकी सगळं सांगायला मात्र त्यांना कोणी बंदी केलेली नाही.

काकांचं शिक्षण बाबुराव अर्नाळकरांच्या हाताखाली झालं. बाबुरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या हाताला लागल्या तेवढ्या काकांनी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचल्या. त्यामुळे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू त्यांना घरच्यासारखे आहेत आणि कृष्णा कुठे उगम पावते ते अजून काकूंना विचारावं लागतं. पुढे गुरुनाथ नाईक झाले, सुहास शिरवळकर झाले. नारायण धारप वाचून रात्रभर दिवा चालू ठेवल्याबद्दल वडिलांचा मारही झाला.

एवढ्यावर थांबले असते तर काका 'आमच्या वेळी' म्हणणाऱ्यांत जमा झाले असते. पण नवं पुस्तक आलं की त्याचं कव्हर चढण्याआधी ते काकांच्या पिशवीत गेलेलं असतं. "पूर्वी विचारायचे, खून कोणी केला? आता विचारायचं, ही गोष्ट सांगतंय कोण आणि खरं सांगतंय का?" याचं मूळ ते १९२६ पर्यंत नेतात. त्या साली क्रिस्टीबाईंची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आली आणि बाईंनी दगा दिला की नाही यावर वाचकांत जुंपली. दगा कोणता, असं विचारलं की काका दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतात. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेला दहा नियम घालून दिले. गुप्त वाट एकाहून जास्त नको, हेरानेच गुन्हा करू नये, जुळा भाऊ आगाऊ सूचनेशिवाय आणू नये. "हा शेवटचा नियम आपल्याकडे पोचला असता," काका म्हणतात, "तर निम्मे हिंदी सिनेमे निघालेच नसते."

नव्यांसाठी त्यांचे स्वतःचे नियम आहेत. २०१२ मध्ये 'गॉन गर्ल' गाजली, २०१५ मध्ये 'द गर्ल ऑन द ट्रेन'. मग नावात 'गर्ल' असलेल्या पुस्तकांची रीघच लागली. त्यावर काकांचा नियम: कव्हरवर पाठमोरी बाई दिसली की आत बोलणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायचा नाही. 'शेवटी जबरदस्त धक्का' असं छापलेलं असलं तर पुस्तकच घ्यायचं नाही. "धक्का बसणार हे आधी सांगितलं की माणूस बसमधल्यासारखा दांडी धरून उभा राहतो. मग धक्का कसला?"

सगळ्यात लाडकं पुस्तक कीगो हिगाशिनो या जपानी लेखकाचं, 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. त्यात खून सुरुवातीलाच वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. कोडं आहे ते तो लपवला कसा, याचं. त्यातला गणिताचा मास्तर लपवतो आणि भौतिकशास्त्रवाला शोधतो. काका हे पुस्तक हातात ठेवतानाही आवाज खाली आणून म्हणतात, "खुनी कोण ते लेखकानेच सांगितलंय. तरी मी सांगणार नाही."

पुस्तक दिलं की फोन सुरू होतात. "कुठवर आलीस? संशय कुणावर?" आपण नाव घ्यायचं. अंदाज चुकला असेल तर काका खुशीत "हं, वाच, वाच" म्हणतात. बरोबर असेल तर त्यांना खोकला येतो. हे एकदा कळल्यावर आमच्याकडे पुस्तकात पुरावे शोधणं बंदच झालं. अकरावीतल्या एका मुलीने तर पहिल्या प्रकरणातल्या नावांची यादी करून ती फोनवर हजेरीसारखी वाचली आणि सहाव्या नावाला खोकला मिळवून पुस्तक परत केलं.

काकांना याचा राग नाही. राग आहे तो स्वतःच्या अनुभवाचा. तिसाव्या पानाला त्यांना खुनी सापडतो आणि उरलेली पानं ते हिशेब तपासल्यासारखी वाचतात. फसण्याचं सुख संपलं, म्हणून ते दुसऱ्याला फसताना बघायला धडपडतात. "तू हे वाचलेलं नाहीस? भाग्यवान आहेस," असं ते म्हणतात तेव्हा ती मुळीच थट्टा नसते.

मागच्या महिन्यात त्याच अकरावीतल्या मुलीने काकांच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि रात्री स्वतःच फोन केला.

"काका, कुठवर आलात? संशय कुणावर?"

"बायकोवर. उघड आहे."

पलीकडून बारीकसा खोकला आला. काका निर्धास्त झाले. शेवटच्या प्रकरणापर्यंत त्यांनी बायकोवरची नजर काढली नाही आणि बायको धुतल्या तांदळासारखी निघाली.

दुसऱ्या दिवशी काका तावातावाने काउंटरवर आले. हा नियमभंग आहे, नॉक्सला अकरावा नियम करावा लागला असता, वगैरे. मग अर्ध्या तासात त्यांनी ते पुस्तक दोघांच्या गळ्यात मारलं. प्रत एकच होती; दुसऱ्याने नंबर लावला. माळी नाही, गुप्त वाट नाही, कसलीच सूचना नाही. दोघांनाही काका एवढंच म्हणाले, "बेफाम आहे. वाच. फक्त मध्येच त्या पोरीचा फोन आला तर उचलू नकोस."