काळ्यांचा पत्ता

जयपूरच्या जोहरी बाजारातल्या जुन्या दुकानांच्या पाट्या एकाच साच्यातल्या दिसतात: देवनागरीत नाव आणि सोबत दुकानाचा नंबर. इंटरनेटचा कारभारही असाच चालतो. दारावर नाव, आत आकडे. फक्त तिथला पाटी रंगवणारा रोमन लिपीपुरताच शिकलेला.

समजा, बदली होऊन इथं आलेल्या कुणा काळ्यांना स्वतःची वेबसाइट काढायची आहे. फेसबुकच्या वाड्यात बिऱ्हाड नको, चार पानांची का होईना, आपली जागा हवी. पण रोमनमध्ये 'काळे' लिहिलं की कुणी 'काले' वाचतो, तर कुणी 'केल', म्हणजे ती महागडी विलायती पालेभाजी!

२७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हे वेबपत्त्याचं शेपूट सुरू झालं, देवनागरीत, मराठीसकट. काळे खूश. आतल्या यंत्रणेला मात्र देवनागरीचा गंध नाही. तिच्यासाठी २००३ सालापासून पनीकोड नावाचा दुभाषा नेमलेला आहे. तो 'भारत'चं करतो 'एक्सएन--एच२बीआरजे९सी'. देशाचं नाव की वेटिंग लिस्टचा पीएनआर?

ईमेलचं दुखणं आणखी जुनाट. गूगलनं २०१४ मध्येच जीमेलवर देवनागरी पत्त्यांशी पत्रव्यवहार चालू केला; स्वतः तसा पत्ता द्यायचं नाव मात्र काढलं नाही. पाहुण्याला चहा आहे, मुक्काम नाही! पत्ते वाटायला पुढे आले ते जयपूरचे अजय डेटा. (आडनाव खरंच डेटा. कथेत घातलं असतं तर संपादकांनी 'फार ओढूनताणून' म्हणून कापलं असतं.) त्यांच्या कंपनीनं २०१६ मध्ये भारतीय भाषांतल्या पत्त्यांसाठी 'डेटामेल' काढलं, तेही फुकट. पुढच्याच वर्षी राजस्थान सरकारही नागरिकांना हिंदी पत्ते देऊ लागलं.

पत्ता मिळाला, पण तो घेणार कोण? नळाच्या बिलापासून विम्यापर्यंत कुठलाही फॉर्म भरा, देवनागरी दिसली की तांबडी अक्षरं उमटण्याची धास्ती: 'कृपया वैध ईमेल लिहा.' जगभरच्या फॉर्मांना देवनागरीसारख्या लिप्या पचाव्यात म्हणून एक आंतरराष्ट्रीय गट खटपट करतो. २०१९ मध्ये त्याचं अध्यक्षपद याच डेटांकडे आलं. दुकान काढणाऱ्यालाच रस्ताही बांधावा लागतो, तो असा.

काळे सध्या अवैध आहेत. वैतागून ते कोपऱ्यावर प्याज कचोरी खायला जातात. हिंदीला परका असलेला 'ळ' राजस्थानी बोलीत मात्र ठणठणीत आहे. कढईमागून हाक येते,

"आओ काळेजी!"


एकही अक्षर न चुकता.