विंडो मारू, की डबाच बदलू?

धान कापणीला आला की गोंदिया जिल्ह्यात आणखी एक गोष्ट हमखास भरात येते: सेवा केंद्रातला संगणक बंद पडणे. आधारभूत किमतीने धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी. नोंदणीला सातबारा, आधार, पासबुक. आणि हे सगळं ज्याच्या पोटात जायचं तो डबा नेमका त्याच आठवड्यात 'टीं टीं टीं' करून डोळे मिटतो. बाहेर दुपट्टा गुंडाळलेली रांग, आत घामाघूम केंद्रचालक, आणि सल्ला द्यायला तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे रांगेतला प्रत्येक जण.

"विंडो मारा जी, विंडो."

"रॅम गेली असन."

"नवाच घ्या ना भाऊ, काहून भंगारात पैसे टाकता?"

हे शेवटचं वाक्य नेहमी तोच बोलतो, ज्याच्या खिशातून दमडी जायची नसते.

2025 साली या नवाच-घ्या पंथाला थेट अमेरिकेतून पाठिंबा मिळाला. 14 ऑक्टोबरला, म्हणजे इकडे हलक्या धानाला विळा लागायच्या दिवसांत, मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा हात सोडला. नोंदणी केलीत तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. पुढे तुमचं तुम्ही बघा. विंडोज 11 वर जावं म्हटलं तर त्याच्या अटी: टीपीएम 2.0 नावाची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर किमान आठव्या पिढीचा हवा. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही तीन पिढ्यांपलीकडे कोणी चौकशी करत नाही. आठवी पिढी बाजारात आली 2017 साली. त्याआधी घेतलेला डबा चालत असो, धावत असो, कंपनीच्या लेखी बाद. या एका निर्णयापायी जगभरातले 24 कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2023 मध्येच मांडला होता. त्या ढिगाऱ्यात आपल्या सालेकसा-देवरीचेही दोन-चार असतील म्हणा.

पण बंद पडलेला प्रत्येक संगणक म्हातारपणाने गेला, असं समजण्याचं कारण नाही. आजार बहुतेकदा किरकोळ असतो, निदान मात्र जबर. एक नमुना बघा. सकाळी संगणक सुरू होतो, पण सरकारी पोर्टल उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. नेटवाल्याला फोन, पोर्टलला शिव्या, मग एकदाची विंडो मारून, म्हणजे विंडोज नव्याने टाकून होते, रोग तसाच. अखेर एखादं शाळकरी पोरगं पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवतं: "काका, याच्यात 2009 साल चालू हाय." मदरबोर्डावरची रुपयाएवढी बटण-बॅटरी मेलेली असते, सीआर 2032 नावाची, पन्नास रुपयांच्या आत मिळणारी. ती मेली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो, आणि तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. त्याचंही खरंच आहे. 2009 च्या हंगामात धानाला बोनस धरून क्विंटलला हजार रुपये होते. 2025-26 च्या हंगामात 2369 मागणारा शेतकरी त्याला संशयास्पद वाटणारच.

बरं, सीपीयू उघडून बघितलाय कधी? (आमच्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, आणि ते तसंच बरं.) राईस मिलच्या शेजारचा असेल तर झाकण काढताच आधी शिंक. पंख्याच्या पात्यांवर कोंड्याचा आणि धुळीचा करडा थर असा जमलेला, की बोटाने सोलून काढावा. खालच्या कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या जाळीत झुरळ, वाकडं होऊन वारलेलं. मेच्या उन्हात हा पंखा फिरत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद पडतं. त्यालाच आपण 'गेला' म्हणतो. ब्लोअरने फुंकर, थर्मल पेस्टचा ठिपका, रॅमच्या सोनेरी कडांवर शाळेतलं खोडरबर, आणि मेलेला उठून बसतो. ते 'टीं टीं'सुद्धा पुष्कळदा रॅम नीट बसली नाही एवढंच सांगत असतं. जाणकार पोरगा अर्ध्या तासात हे करतो आणि पैसे मागताना लाजतो. न जाणणारा सरळ 'मदरबोर्ड गेला' म्हणतो आणि कोटेशन देताना लाजत नाही.

चालू होण्याची कूर्मगती हा वेगळा रोग. गोंदियाहून सकाळी निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला टेकते, तसं काही डब्यांचं बटण दाबल्यावर डेस्कटॉप दिसतो. औषध एकच: फिरती हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. नव्या संगणकाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात काम होतं. रॅम वाढवावी, तर तिथे मात्र सध्या दुष्काळ. जगातल्या एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरीवर असा डल्ला मारलाय, की मायक्रॉनसारख्या कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रूशियल' ब्रँड बंद करत असल्याचं डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. तिकडे यंत्राला शहाणपण यायचंय, म्हणून इकडे गोंदियाच्या गोरेलाल चौकात रॅमची पट्टी महाग.

पुण्याचा भाचा फोनवर सांगतो, "मामा, लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला सोन्यासारखा. फक्त अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर त्याच्यावर चालेल का, हे भाच्याने कधी बघितलेलं नसतं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे तर विषयच नको. त्याचं पेजमेकर 2001 सालचं, अक्षरं कृतिदेवची, आणि गेल्या वीस वर्षांतले सगळे नवरानवरी त्याच फाइलींत. त्याला नवा संगणक म्हणजे सुधारणा नव्हे, घटस्फोट आहे.

सरकारी कचेऱ्यांनी मात्र दुरुस्ती आणि खरेदी या दोन्ही कटकटींवर तिसरा मार्ग काढला आहे: झाकून ठेवणे. दुरुस्तीला तीन दरपत्रकं हवीत, खरेदीला अनुदान हवं, आणि फेकायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव हवा. तोवर डब्यावर निळं प्लास्टिक, प्लास्टिकवर फायली, फायलींवर धूळ. जडवस्तू संग्रह नोंदवहीत तो ठणठणीत जिवंत असतो. केंद्र सरकारने 2022 च्या ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, मग दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली, समितीचा अहवालही 2025 मध्ये आला. त्यात पहिला मान मोबाइल-टॅब्लेटचा. संगणकाने रांगेत थांबावं, सवय आहेच.

आणि समजा, घेतलाच नवा. कर्ज काढून, तेराव्या पिढीचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत सुरू होणारा. होईल काय? 'सर्व्हर बिझी' हा संदेश पूर्वी तीन मिनिटांनी दिसायचा, आता तीन सेकंदांत दिसेल. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी जे अडतं ते टेबलाखालच्या डब्यात नसतं. त्या सर्व्हरची विंडो मारायला आपल्याकडला कोणताही पोरगा पोहोचू शकत नाही, आणि तिथे 'नवाच घ्या ना भाऊ' म्हणायला रांगेतल्या कोणाला कोणी बोलावत नाही. मुदतवाढ तेवढी मिळते.

तर निकाल असा. बॅटरी, पंखा, रॅम, एसएमपीएस, डिस्क, यांतलं काही गेलं असेल तर बिनदिक्कत दुरुस्त करा. मदरबोर्ड खरोखर जळला असेल, आणि हे दुसऱ्या दुकानात विचारून खात्री झाली असेल, तर हात जोडा आणि नवा बघा. लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे व्यवहार ज्यावर चालतात, तो संगणक अपडेट बंद झाल्यावर मात्र त्या कामाला ठेवू नका. पोरांना टायपिंग शिकायला द्या, खुशाल चालेल.

आणि कबाड्याला देणार असाल, तर सीपीयू काट्यावर चढण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. आजूबाजूच्या गावांचे आधार, पासबुकं आणि सातबारे तिच्यात पडलेले आहेत, आणि नुसता फॉरमॅट मारून ते जात नाहीत. हातोडा घरात असेलच.