चिरंजीव केनियाला चालले

मूर्तिजापूरच्या बसस्थानकाजवळ गेल्या आठवड्यात एक फ्लेक्स लागला. काळा गॉगल लावलेले चिरंजीव, त्यांच्या मागे सिंह, जिराफ आणि सूर्यास्त, आणि खाली मजकूर : ‘मूर्तिजापूरचे भूमिपुत्र, युवा समाजसेवक यांची केनिया (आफ्रिका) येथे समाजसेवेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ शुभेच्छुकांचे फोटो चौदा. त्यांतले नऊ जण मोबाईलवर बोलत होते.

चिरंजीव बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि वडिलांचं अडतीचं दुकान आहे. निवड मोठी चुरशीची झाली म्हणतात. एका कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, ‘तुम्हाला जग का बदलायचे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर चॅटजीपीटीने लिहून दिलं, वडिलांच्या खात्यातून पहिला हप्ता गेला आणि निवडीचं पत्र पावतीच्या आधी आलं. मुदत दोन आठवड्यांची. सेवा सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी एक. शनिवार-रविवार मसाईमाराची सफारी, तिचे पैसे वेगळे. सेवेचे प्रकार तीन : इंग्रजी शिकवणे, शाळेची भिंत बांधणे, अनाथालयातल्या मुलांशी खेळणे. चिरंजिवांनी तिन्हींवर खूण केली, कारण भाव तिन्ही मिळूनच होता.

इंग्रजी शिकवण्याचं आधी पाहू. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनुसार स्वाहिली आणि इंग्रजी या दोन्ही तिथल्या अधिकृत भाषा आहेत, आणि प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांपासून पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून होतं. चिरंजिवांचा अनिवार्य इंग्रजीचा पेपर पहिल्या सत्रापासून राहिलेला आहे. म्हणजे ज्याची एटीकेटी निघायची आहे तो गुरुजी आणि ज्यांचं गणितसुद्धा इंग्रजीतून चालतं ते विद्यार्थी. सेवा कोण कोणाची करणार हे वर्गात गेल्यावर ठरेल.

व्हिसाची भानगड आता उरलेली नाही. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला आणि ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. तिच्या अर्जात प्रवासाचं कारण लिहावं लागतं. कंपनीने चिरंजिवांना बजावून सांगितलं की तिथे ‘समाजसेवा’ लिहायचं नाही, ‘पर्यटन’ लिहायचं. विमानतळावर विचारलं तरी तेच सांगायचं. या सगळ्या व्यवहारात कंपनीच्या तोंडून खरा शब्द निघाला तो एवढाच.

घरात तयारी जोरात आहे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्यासाठी एक फेरी झाली. आईने खारोड्या, मुगवड्या, जवसाची चटणी आणि चिवडा भरला, आणि प्रत्येक जिन्नस पातळ प्लास्टिकच्या दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांधला. मग कोणीतरी वाचून दाखवलं की केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि शिक्षा चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद.

“चटनीसाठी चार वर्स?” आईने विचारलं.

महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी बंदी आहे, हे त्या घरात कोणाला आठवलं नाही. पिशव्या आठवडी बाजारातून भाजीबरोबर आल्या होत्या.

बाकी सामानाची यादी कंपनीनेच पाठवली आहे : पाणी गाळायची बाटली, डासांचं मलम, उन्हाची टोपी, कंबरेचा पट्टा-बटवा, ‘मुलांना वाटण्यासाठी’ चॉकलेटं, आणि फोन चार्ज करायला पॉवर बँक. शेवटची वस्तू ठळक अक्षरांत आहे. सेवेचा पुरावा तिच्यावर अवलंबून असतो.

सामानाचा विषय निघाला म्हणून. याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, आजोळी, डेबूजी झिंगराजी जाणोरकर नावाचं एक पोर गुरं राखत आणि शेती करत वाढलं. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावचा. १९०५ मध्ये घर सोडून निघाला तेव्हाचं त्याच्याकडचं सामान पुढेही फारसं वाढलं नाही : अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरायचं ते रस्ता झाडतच. भाकर मिळायची ती काम केल्यावर. रात्री कीर्तन, आणि लोक पाया पडायला लागले की पुढचं गाव. ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या, आणि खुद्द मूर्तिजापुरात गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ प्रवासातच देह ठेवला. गाडगेबाबांना विमानतळावर कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ‘पर्यटन’ म्हणाले नसते.

चिरंजीव ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत त्याला याच माणसाचं नाव आहे. त्यांच्या इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावाखाली सध्या ‘भटक्या. स्वप्नाळू. परिवर्तनाचा दूत’ असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. स्पेलिंग बरोबर आहे, कारण मोबाईल सुधारून देतो.

घरात या प्रकाराचा खरा अर्थ दोघांनाच कळला. पहिली आजी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिकडचे लोकं तुले बलावून राह्यले काय?” चिरंजिवांनी कंपनीचं नाव सांगितलं. आजी म्हणाली, “तसं नाही. ज्याची भिंत बांधाची हाय, त्यानं बलावलं काय? पैसे बी आपनच द्याचे अन् काम बी आपनच कराचं, असा कोनता धंदा हाय बापा हा?”

दुसरे वडील. पंचवीस वर्षं कापसाच्या बाजारात काढलेला माणूस. त्यांना कंपनीविषयी राग आला नाही, उलट आदर वाटला. “माल त्यायचा नाही, गोदाम त्यायचं नाही, गिऱ्हाईक आपलं पोरगं, मजूर बी आपलं पोरगं. निस्ती अडत!” असं ते दोन दिवस ज्याला त्याला सांगत होते. मूर्तिजापुराला परदेशाशी व्यवहार तसा नवा नाही. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायचा. तो वाहून आणायला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ आणि अचलपूरकडून मूर्तिजापूरपर्यंत छोटी लाईन टाकली. तिच्यावर धावणाऱ्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं. तेव्हा माल बाहेर जात होता आणि पैसे, थोडे का होईना, गावात येत होते. आता माल आणि पैसे दोन्ही एकाच विमानाने जातात.

भिंतीचं म्हणाल तर तिचा इतिहासही फारसा उजळ नाही. पिपा बिडल या अमेरिकन लेखिकेने २०१४ मध्ये एक अनुभव लिहिला होता. शाळकरी वयात ती वर्गमैत्रिणींबरोबर टांझानियात ग्रंथालय बांधायला गेली. मुली दिवसभर विटा रचत. रात्री गावातले गडी येऊन ते वाकडं बांधकाम उतरवत आणि नव्याने सरळ रचून ठेवत, म्हणजे पाहुण्यांना सकाळी काही कळू नये. गडी गावातच होते, त्यांना काम येत होतं, त्यांना मजुरी दिली असती तर ग्रंथालय अर्ध्या खर्चात झालं असतं. पण मग पाहुण्यांनी काय केलं असतं?

अनाथालयाची गोष्ट याहून वाईट आहे. कंबोडिया, नेपाळ, केनिया अशा देशांत परदेशी पाहुण्यांची गर्दी वाढली तशी अनाथालयंही वाढली, आणि तपासणी केल्यावर लक्षात आलं की त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. गरीब घरातून शिक्षणाच्या नावावर पोरं उचलून आणायची, कारण पाहुण्यांना खेळायला पोरं लागतात. केनिया सरकारने २०१७ मध्येच नवी बालगृहं नोंदवणं थांबवलं. दर पंधरवड्याला नवा दादा येतो, गळ्यात पडतो, फोटो काढतो आणि जातो; त्या मुलाने अशी किती माणसं रडत रडत सोडायची, याचा रकाना कंपनीच्या अर्जात नाही.

वऱ्हाडाला हा खेळ दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. दर पावसाळ्यात मेळघाटात गाड्या चढतात. कुपोषणाच्या बातम्या आल्या की बिस्किटं, ब्लँकेटं, जुने स्वेटर येतात, आणि कोरकू बायका आपल्या लेकरांना धरून फोटोसाठी उभ्या राहायला आता सरावल्या आहेत. चिखलदऱ्याचा गारवा परतीच्या वाटेवर लागतो, हा योगायोग समजावा.

शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हेही मेळघाटातच गेले, बैरागडला. एम.बी.बी.एस. झालेला तरुण डॉक्टर, पण तिथे काही काळ राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला पुरेसं येत नाही. मग परत येऊन त्यांनी एम.डी. केली आणि पुन्हा बैरागडला गेले. लग्नासाठी मुलगी पाहताना अट घातली की चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी. डॉ. स्मिता नागपुरातला चालता दवाखाना सोडून आल्या. पहिल्या तपासणीचे दोन रुपये, पुढच्या खेपेला एक. गावकऱ्यांनी विचारलं, आमची जनावरं आजारी पडतात, पिकं जातात, त्याचं काय? तेव्हा डॉक्टर जनावरांवरचे उपचार आणि शेतीही शिकले. गावाने जे मागितलं ते शिकायचं, हा अभ्यासक्रम होता. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा बैरागडात तीस-एक वर्षं उलटून गेली होती.

परदेशी जाऊन सेवा करू नये असं म्हणणं नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे, वयाने बरेच वडील असलेले डॉ. चोळकरही. मोहीम चिनी लोकांनी मागितली म्हणून गेली. कोटणीस चिनी बोलायला शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमट्यांच्या आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण आले, त्यांनी स्वतःच्या हाताने इमारती उभ्या केल्या. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत पाऊल टाकायला आजूबाजूचे लोक घाबरत होते, त्या काळात. त्यांच्यात आणि चिरंजिवांत फरक काय, असं कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल की त्यांच्या पॅकेजमध्ये ताडोबा नव्हतं.

आता ऐनवेळी एक अडचण आली आहे. कंपनीला ‘सामाजिक कार्याच्या पूर्वानुभवाचे प्रमाणपत्र’ हवं आहे. ते कॉलेजातच मिळण्यासारखं आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांवर सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. चिरंजिवांचं नाव तिथे आहे, टोपीही आहे. तास नाहीत. यंदाचं शिबिर खारपाणपट्ट्यातल्या एका गावात आहे, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. काम शोषखड्डे खणायचं. पैसे भरावे लागत नाहीत, जेवण गावच देतं, झोपायला जिल्हा परिषदेची शाळा. तारखा नेमक्या केनियाच्या.

वडील कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे गेले. “सर, त्याच्या जागी मानूस देतो न. आपल्या दुकानावर गडी हाय. सात दिवसाची मजुरी माही. खड्डे तो खंदते, तुमी प्रमानपत्र पोराच्या नावानं काढा.”

सरांनी चष्मा काढला. “वीटकाम येते काय त्याले?”

“येते न. आधी मिस्तरीच होता.”

“लेकरं सांभायते?”

“पाच हायेत त्याले.”

“मंग भाऊ, केनियाले त्यालेच पाठवा ना. अन् याले द्या सात दिवस माह्याकडे.”

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, कंपनीला फोन लावला आणि विचारलं की तिकिटावरचं नाव बदलून भेटते काय, अन् बदलाचे किती घेता.