मोरपंखी, पोपटी, लिंबू

सातवीच्या वर्गात गेली बावीस वर्षं मी एक प्रयोग करून दाखवते. चंचुपात्रात चुन्याची निवळी, त्यात नळी, नळीतून फुंकर. निवळी दुधाळ झाली की पोरं ‘आऽऽ’ करतात आणि मी सांगते, ‘‘हा बघा कार्बन डायऑक्साइड!’’ पुढच्याच धड्यात आम्ही सगळे मिळून त्याला शिव्या घालतो. वसुंधरा दिनाच्या फेरीतल्या त्याच्याविरुद्धच्या घोषणासुद्धा मीच यमक जुळवून देते.

तर लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि जाताना दोन फुटी फिशटँक माझ्या गळ्यात मारून गेली. ‘‘आई, मासे जगतील गं कसेही. रोटालाकडे बघ.’’ रोटाला म्हणजे टाकीतली ती लालसर पाणवनस्पती. हिची भावंडं आपल्याकडे भाताच्या खाचरात फुकट उगवतात. ही मात्र आमच्याकडे येऊन खालची पानं गाळत बसली होती. व्हिडिओ कॉलवर निदान झालं: कार्बन कमी पडतोय. हवेतून आपसूक विरघळतो तो लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि हिला हवा वीस ते तीस.

सिलिंडर आणि रेग्युलेटरचा भाव ऐकून यांनी चष्मा काढून पुसला. मग लेकीने गरिबांची कृती सांगितली. कोल्डड्रिंकची दोन लिटरची बाटली, दोन वाट्या साखर, पाव चमचा यीस्ट, कोमट पाणी. झाकणाला भोक पाडून नळी, नळीभोवती एम-सील. यीस्ट साखर खाणार, वायू सोडणार, तो नळीतून टाकीत. ‘‘जपानचे ते पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणारे ताकाशी अमानो होते ना, त्यांनी सुरुवातीला टाकीत चक्क सोडावॉटर ओतलं होतं म्हणे,’’ तिने धीर दिला. हे लगेच म्हणाले, ‘‘मग सोडाच आणतो की!’’ सोडा आणायला हे नेहमीच तत्पर असतात.

यीस्ट नुसता वायू सोडत नाही, दारूही गाळतं, हे मला रसायनशास्त्र म्हणून ठाऊक होतं. वास म्हणून ते तिसऱ्या दिवशी कळलं. सुनंदाताई फरशी पुसायला टाकीच्या कपाटाखाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. बाटली बुडबुड करत होती. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, ‘‘वहिनी, साहेब घरीच काढायला लागले?’’ मी किण्वन समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून यांच्याकडे त्या जराशा कणवेनेच बघतात.

वायू किती मुरला ते दाखवायला टाकीच्या काचेला आतून एक छोटा फुगा चिकटवतात, त्याला ड्रॉप चेकर म्हणतात. त्यातलं औषध निळं असलं तर वायू कमी, हिरवं तर योग्य, पिवळं तर माशांचे हाल. लेकीचा रोज फोन. ‘‘रंग कोणता?’’

‘‘हिरवा,’’ हे म्हणाले.

‘‘हिरवा कुठला, मोरपंखी आहे,’’ मी म्हटलं. पैठणी घेणाऱ्या बाईला हिरव्यातले हिरवे कळतात. पुरुषाच्या हाती ही उपकरणं देऊच नयेत. चार दिवसांनी पोपटी आला. मी खूश होऊन नवी बाटली लावली आणि उत्साहाच्या भरात ती गळ्यापर्यंत भरली. वर फेसाला जागा ठेवायची असते. बाहेर एप्रिलचा उकाडा, आणि उकाड्यात यीस्टला चेव चढतो. रात्री फेस नळीत चढला तो थेट टाकीत उतरला.

सकाळी टाकी दुधाळ. हुबेहूब चुन्याची निवळी! फक्त इथे ‘आऽऽ’ मासे करत होते, तेही पृष्ठभागावर येऊन. साखरेवर जिवाणूंची पंगत बसली होती, ती ऑक्सिजन संपवत होती. त्यात वनस्पती रात्री वायू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि यीस्टला रात्र-दिवस कळत नाही. फुगा लिंबासारखा पिवळाधमक. यांनी बादल्या उचलल्या, मी हवेचा पंप लावला, निम्मं पाणी बदललं. शाळेत उशिराचं कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’.

आता मध्ये एक छोटी रिकामी बाटली आहे, फेस चढलाच तर तिच्यात अडकतो. रात्री पंप चालतो. आणि परवा दुपारी वह्या तपासताना मान वर केली, तर रोटालाच्या प्रत्येक पानाच्या टोकाला मोहरीएवढा चकचकीत बुडबुडा. ऑक्सिजन. एकेक सुटून वर जात होता. पाच वह्या तशाच राहिल्या. हे मागून येऊन उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, जे आमच्याकडे क्वचित घडतं.

शुक्रवारी फेरी झाली. घसा बसेपर्यंत वायूचा धिक्कार करून मी परत येताना किराणा दुकानात शिरले.

‘‘पुन्हा तीन किलो साखर, बाई? पाहुणे आलेत का?’’

‘‘नाही हो,’’ मी म्हटलं, ‘‘गवताला लागते.’’