पहिली पुन्हा पास

पहिलीतल्या मुलाचा सगळा अभ्यास स्वतःच करून टाकणाऱ्या आईबाबांचं कौतुक आपल्याकडे व्हावं तितकं होत नाही. इतकी मेहनत त्यांनी स्वतःच्या दहावीलाही घेतली नसेल.

शुक्रवारी ग्रुपवर निरोप येतो : सोमवारी 'आपले मदतनीस' प्रकल्प आणणे. रविवारी रात्री पोर सारखं मध्ये मध्ये लुडबुडतं, म्हणून आधी त्याला झोपवलं जातं आणि मग कामाला खरी सुरुवात होते. बाबा कटरने पुठ्ठा कापून पोस्टमनची सायकल करतात. चाक नीट गोल येत नाही म्हणून पुन्हा कापतात. आई खाली माहिती लिहिते, तीही डाव्या हाताने, म्हणजे अक्षर पोराचंच वाटावं. सकाळी पोर उठतं आणि "मला चिकटवायचं होतं" म्हणून भोकाड पसरतं. लहान आहे, त्याला शेऱ्याचं महत्त्व कुठून कळणार?

अशा पालकांपुढे सरकारचंही काही चालत नाही. २०२० च्या दप्तर धोरणाने सांगितलं, दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे २० किलोच्या मुलाला फार तर दोन किलो! तेवढ्यात क्लासच्या वह्या कशा मावणार? २०२४ मध्ये मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायला सांगितले. जागरूक घरांनी सकाळचा तो वेळ फुकट जाऊ दिला नाही. सातची शिकवणी लावली.

याउलट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांना पानं, बिया, शिंपले हाताळायला देऊन शिकवलं. बिचाऱ्या मुलांना ना वर्कशीट मिळाली, ना सुंदर हस्ताक्षराचा कोर्स.

आता सरळच बोलते. सहा वर्षांचं मूल चुकत, खोडत, पुन्हा करत शिकतं. ती चूक आपण रात्रीत दुरुस्त करून टाकली, की त्याला कळतं एवढंच की आपल्याला जमत नाही. बाईंनाही त्याचं नेमकं कुठे अडतंय ते कधी दिसत नाही.

तेव्हा वही त्याची त्याला लिहू द्या, खाडाखोडीसकट. त्याला वेळेवर झोपवा, आणि झोपण्याआधी शेजारी बसून एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. शाळेतून आल्यावर आज काय गंमत झाली ते विचारा. किती मिळाले आणि शेजारच्याला किती, हे विचारूच नका.