रातोरात पक्ष बदललेल्या आमदारांस

माननीय आमदार महोदय,

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी एमपीएससीच्या मुलांना पॉलिटी शिकवते. पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही, कारण तुम्ही एकटे नाही. २०१९च्या नोव्हेंबरात पहाटे राजभवनात हजर होतात ते तुम्ही, २०२२च्या जूनमध्ये सुरतेहून गुवाहाटीला पोचलात ते तुम्ही आणि २०२३च्या जुलैत रविवारी दुपारी विरोधी बाकांवरून थेट सरकारात जाऊन बसलात तेही तुम्हीच. झेंडे निरनिराळे होते, म्हणून या पत्रात पक्ष शोधत बसू नका. तुमच्या पक्षाचं मला काही वाटत नाही. वाटतं ते आमच्या मताचं, आणि त्याचं तुम्ही जे केलंत त्याचा राग अजून गेलेला नाही.

पैशांच्या खोक्यांबद्दल मी बोलणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. माझी तक्रार उघड्यावर, सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत जे घडलं त्याबद्दल आहे.

अभ्यासिकेतल्या एका मुलाचं पुस्तक तुम्ही बघायला हवं होतं. घरी कोरडवाहू शेती, इथे कॉट बेसिसवर राहणं आणि दोन वेळची मेस. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या पानावर त्याने तीन रंग वापरले आहेत. ५२वी घटनादुरुस्ती, १९८५, लाल रंगात. ९१वी, २००३, निळ्या रंगात. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल ही पळवाट तेव्हा बुजवली. तिसरा रंग पेन्सिलीचा. ‘निर्णय अध्यक्ष घेतील’ या ओळीशेजारी त्याने मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्याने विचारलं, “मॅडम, किती दिवसांत?” म्हटलं, मुदत दिलेली नाही. “मग तोपर्यंत तो आमदारच?” हो. “मंत्रीसुद्धा?” मंत्रीसुद्धा. त्याने मान खाली घालून समासात लिहून घेतलं, ‘मुदत नाही’. याच मुलाचा अर्ज शेवटच्या तारखेनंतर एक मिनिट उशिरा गेला तर संकेतस्थळ तो घेत नाही. वयाची अट एका दिवसाने ओलांडली तर त्याचा अभ्यास, त्याची मेस, त्याच्या आईने दरमहा पाठवलेले पैसे, सगळं वाया. तुम्हांला मात्र दीड वर्ष मिळालं.

दीड वर्ष मी रागाच्या भरात म्हणत नाही. २०२२च्या जूनमध्ये शिवसेनेतल्या फुटीवर अपात्रतेच्या याचिका दाखल व्हायला लागल्या. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की, राज्यपालांनी ज्या आधारावर बहुमत चाचणी लावली तो आधारच अपुरा होता. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. अध्यक्षांनी वाजवी वेळेत निकाल द्यावा, असंही सांगितलं. निकाल आला १० जानेवारी २०२४ला. एकही आमदार अपात्र ठरला नाही, ना या गटाचा, ना त्या गटाचा. दुसऱ्या पक्षाच्या, राष्ट्रवादीच्या फुटीवरचा निकाल पुढच्या महिन्यात आला, त्यातही कोणी अपात्र नाही. वर्गात हे शिकवताना मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. एवढी मोठी फाटाफूट झाली आणि कायदा कोणीच मोडला नाही, हे त्यांना मी कसं समजावू? तुम्ही एकदा अभ्यासिकेत या आणि तुम्हीच समजावून सांगा.

आता २० जून २०२२ या दिवसाबद्दल. विधान परिषदेचं मतदान होतं. आमच्या कसबा मतदारसंघाच्या आमदार मुक्ताताई टिळक कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दहा दिवस आधी राज्यसभेच्या मतदानाला त्या पुण्याहून मुंबईला रुग्णवाहिकेतून गेल्या होत्या, आणि त्या दिवशीही तशाच गेल्या. त्यांच्या पक्षाला मत न देणारी पुष्कळ घरं आमच्या पेठेत आहेत. त्या घरांतसुद्धा त्या दिवशी लोक हळहळले. आजारी माणसाला असं न्यावं का, यावर वादही झाले आणि तो वाद रास्त होता. पण एका मताची किंमत काय असते, हे त्या बाईंनी घाट उतरून दाखवलं. डिसेंबरात त्या गेल्या. त्याच २० जूनच्या रात्री, त्याच विधान भवनात मत टाकून झाल्यावर तुम्ही गाडीत बसलात आणि राज्याची हद्द ओलांडलीत. मुंबईहून एक गाडी पुण्याकडे परत येत होती आणि दुसरी सुरतेकडे निघाली होती. दोन्हींत महाराष्ट्राचे आमदार होते. यावर तुम्हांला काय म्हणायचं आहे ते मला खरंच ऐकायचं आहे.

पुढे तुम्ही फोनवर वर्णन केलेली गुवाहाटीतली झाडी, डोंगर आणि हाटील सगळ्या राज्याला पाठ झाली. तेव्हा आसामात पूर होता, सिलचर शहर पाण्याखाली होतं, लोक छपरांवर बसून होते. त्याच राज्यातल्या पंचतारांकित हॉटेलात बसून तुम्ही महाराष्ट्राच्या भवितव्याचा विचार करत होतात.

तुम्ही म्हणाल, मुळात गोंधळ २०१९च्या निकालाने केला. खरं आहे, निकाल कोणालाच पुरा पडणारा नव्हता. २८८च्या सभागृहात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ लागतात. एकत्र मतं मागितलेल्या दोघांची बेरीज १६१ होत होती आणि ते दोघंच मुख्यमंत्रिपदावरून भांडले. राष्ट्रपती राजवट, मग २३ नोव्हेंबरची पहाट, मग तीन दिवसांत राजीनामा, मग शिवाजी पार्कवरचा शपथविधी. ज्यांनी युती मोडली त्यांनी मतदाराला विचारलं नाही आणि ज्यांनी पहाटे शपथ घेतली त्यांनी तर स्वतःच्या पक्षालाही विचारलं नाही. अटीतटीचा निकाल देऊन मतदार सांगत असतो की तुमच्यातल्या कोणा एकट्यावर आमचा भरवसा नाही; समोरासमोर बसा, अटी लिहा, आम्हांला दाखवा आणि मग राज्य करा. तुम्ही त्यातून एवढंच घेतलंत की आता एकेका आमदाराला भाव आला.

हे नवं नाही म्हणता? नाहीच. १९७८लाही विधानसभा त्रिशंकू होती. वसंतदादा पाटलांचं दोन काँग्रेस पक्षांचं सरकार काही महिन्यांत आतूनच पडलं आणि १८ जुलैला त्याच मंत्रिमंडळातले शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले. १९८५ साली कायदा आला तेव्हा याच पुण्यात जन्मलेल्या मधू लिमयांनी बजावलं होतं की हा कायदा किरकोळ पक्षांतराला बंदी घालतो आणि घाऊक पक्षांतराला परवाना देतो. लिमयांचं कोणी ऐकलं नाही. १९९०मध्ये गोस्वामी समितीने सुचवलं की अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून घ्या, निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने होऊ द्या. २०२०मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मर्यादा बोलून दाखवली आणि संसदेला स्वतंत्र लवादाचा विचार करायला सांगितलं. इतकी वर्षं औषध टेबलावर पडून आहे. ते घ्यायचं की नाही, हे ठरवणारे तुम्हीच आणि तुमचे दिल्लीतले भाऊबंद.

आमच्या पेठेत ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत अशी घरं पुष्कळ. तिथल्या निवडणुकांची चर्चा इथल्या कट्ट्यांवर होते. २०२२च्या नोव्हेंबरात तिथे अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावरची निवडणूक झाली, प्रतिनिधिगृहात २२२ विरुद्ध २१३ असा निकाल लागला. मग मॅकार्थींना सभापती म्हणून निवडायला पंधरा फेऱ्या लागल्या. पाच दिवस एकेका सदस्याचं नाव पुकारलं जात होतं आणि तो उभा राहून सांगत होता की मी अमुक माणसाला मत देतो. बंडखोर होते, सौदेही झाले, आणि नऊ महिन्यांनी मॅकार्थींच्याच पक्षाच्या आठ जणांनी विरोधकांच्या साथीने त्यांना पाडलं. तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तिथे पक्षांतरबंदीचा कायदाच नाही. पण मॅकार्थींना कोणी अडवलं आणि कोणत्या मागणीसाठी, हे त्यांच्या मतदारांना कॅमेऱ्यासमोर, नावानिशी कळलं. आमच्याकडे कायदा आहे, आणि आमदार कुठे आहे हे त्याच्या घरच्यांना टीव्हीवरून कळतं.

तुमच्यावर तुमच्याच सरकारचा किती विश्वास होता तेही आठवा. २०२१च्या फेब्रुवारीत विधानसभेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि १७० आमदार पाठीशी असल्याचं सांगणारं सरकार पुढचं वर्षभराहून अधिक काळ नवा अध्यक्ष निवडू शकलं नाही. गुप्त मतदानात तुम्ही काय कराल याची त्यांना भीती होती, म्हणून नियमच बदलायला घेतला. मग राज्यपालांशी वाद लागला. विधानसभेची सर्वांत मोठी खुर्ची रिकामी राहिली, कारण तुमचा भरवसा नव्हता.

आणि आमचं काय झालं ते ऐका. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला एकीकडे आणि सरकारागणिक बदलणारी प्रभागरचना दुसरीकडे. आधीच्यांनी तीन सदस्यांचा प्रभाग केला, तुम्ही येताच पुन्हा चारचा. मतदान झालं जानेवारी २०२६मध्ये. जवळजवळ चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. ड्रेनेजचं झाकण फुटलं, पाणी दोन दिवस आलं नाही, फुटपाथवर कोणी टपरी टाकली, तर बोलायचं कोणाशी? प्रशासकांच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या, वाट बघा. आमच्या वाड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजी अशा पोचपावत्या पिशवीत घालून ठेवायच्या. मुंबईत सरकारं घडवली-मोडली जात होती तेव्हा त्यांच्या पिशवीत कागद वाढत होते. तुमच्या बंडाच्या गोष्टीत त्यांना कुठेच जागा नाही. निदान या पत्रात असू द्या.

विचार बदलणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. विचार आमचेही बदलतात. कसब्याने १९९५पासून गिरीश बापटांना पाच वेळा आणि मग मुक्ताताईंना निवडून दिलं. २०२३च्या फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीत याच कसब्याने काँग्रेसचे रवींद्र धंगेकर १०,९१५ मतांनी निवडून दिले आणि देशभर बातमी झाली. पुढच्याच वर्षी त्याच कसब्याने हेमंत रासनेंना १९,४२३ मतांनी आमदार केलं. पावणेदोन वर्षांत आम्ही दोनदा फिरलो. पण कसे? ओळखपत्र हातात धरून, शाळेच्या व्हरांड्यातल्या रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून घेऊन, सकाळच्या उजेडात.

हा रस्ता तुम्हांलाही मोकळा होता. २००५मध्ये शिवसेनेतून बाहेर पडल्यावर नारायण राण्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसकडून मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. २०१९मध्ये उदयनराजेंनी राष्ट्रवादी सोडली, खासदारकी सोडली, भाजपकडून साताऱ्यात पुन्हा उभे राहिले आणि पडले. भर पावसात झालेली शरद पवारांची ती सभा तुम्हांला आठवत असेलच. पाच वर्षांनी सातारकरांनी त्यांनाच निवडून दिलं. या दोघांचं राजकारण मला पटतं की नाही हा प्रश्नच नाही. दोघंही ज्यांनी मत दिलं त्यांच्याकडे परत गेले.

तुम्ही सांगता की २०२४मध्ये लोकांनी आम्हांला पुन्हा निवडून दिलं, म्हणजे आम्ही बरोबर होतो. मग घाबरलात कशाला? २०२२च्या जूनमध्येच राजीनामे टाकले असते तर कायद्याने सहा महिन्यांत पोटनिवडणुका लागल्या असत्या. लोक पाठीशी आहेत ही खात्री होती, तर त्यांना विचारायला दोन वर्षं पाच महिने का लागले? आणि त्या मधल्या काळातली मंत्रिपदं, महामंडळं, निधी, बंदोबस्त हे सगळं कोणाच्या संमतीने? जे मत घेऊन तुम्ही गेलात ते तुमच्या नावाशेजारच्या चिन्हावरही पडलेलं होतं. ज्याने ते दिलं तो आजही विचारतोय.

एवढं करा. येत्या अधिवेशनात एक ठराव मांडा आणि संसदेला पाठवा: पक्ष सोडणाऱ्याने आधी जागा सोडावी, अपात्रतेचा निकाल तीन महिन्यांत लागावा आणि तो पक्षाच्या माणसाने लावू नये. तुमच्या दोन्ही बाजूंच्या बाकांवर सह्या करायला माणसं सापडत नाहीत का, ते आम्हांला बघू द्या.

आणि पुढच्या प्रचाराला सदाशिव पेठेत आलात तर पत्रकं, टोप्या, उपरणी काही नको. बहुमताला दोन जागा कमी पडल्या तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कुठे असाल, कोणाबरोबर असाल आणि बदललात तर राजीनामा देणार की नाही, हे सहीनिशी लिहून आणा. अभ्यासिकेच्या फळ्यावर आम्ही ते चिकटवू. मुलं दहावी अनुसूची वाचतच असतात, शेजारी तुमचा कागदही वाचतील.

आपली,
सदाशिव पेठेतली एक मतदार